तपासनिसाचा पगार म्हणे उधळपट्टी!

देशात स्वतंत्र राजकोषीय परिषद नेमण्याची गोष्ट निघाली, की एक सूर हमखास लागतो. महालेखापाल आहेत, वित्त आयोग आहे, मंत्रालयात अधिकारी आहेत. मग अर्थसंकल्पाचे आकडे तपासायला आणखी एक पगारी फौज कशाला? एका अभ्यासकांनी तर या खर्चाला सरळ उधळपट्टी ठरवले आहे.

महालेखापाल झालेला खर्च तपासतात. वित्त आयोग अहवाल देऊन विसर्जित होतो. आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनीच तर अर्थसंकल्पातले अंदाज बांधलेले असतात!

राहिली उधळपट्टी. कॅनडाने अशाच तपासणीसाठी २००६च्या कायद्याने संसदीय अर्थसंकल्प अधिकाऱ्याचे पद निर्माण केले आणि २००८मध्ये त्यावर केव्हिन पेज आले. कार्यालयाला वर्षाला २८ लाख डॉलर मिळायचे होते. त्याच वर्षी, निवडणूक तोंडावर असताना, अफगाणिस्तान मोहिमेचा खर्च २०११पर्यंत १८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असे पेज यांनी मांडले. पुढे त्यांचा निधी १८ लाखांवरच अडवला गेला. ठरलेला पूर्ण निधी मिळवायला बरीच झुंज द्यावी लागली. २०११मध्ये त्यांनी एफ-३५ लढाऊ विमानांचा हिशेब मांडला. सरकार १६ अब्जांच्या आसपासचा आकडा सांगत होते, पेज यांचा आकडा २९ अब्जांचा निघाला. सरकारने तो धुडकावला आणि २०१२च्या अखेरीस खरेदीचा फेरविचार करण्याची वेळ त्याच सरकारवर आली. या दोन आकड्यांमधल्या फरकाच्या रकमेत ते कार्यालय चार हजार वर्षे चालले असते. उधळपट्टी कशाला म्हणायचे, हे अभ्यासकांनी आता सांगावे.

माहितीचा अधिकार येऊ घातला तेव्हाही, कचेऱ्या अर्जांखाली गुदमरतील, असा गळा काढणारे होतेच. खर्चाची ही काळजी नेमकी हिशेब मागणाऱ्याच्या वेळीच कशी जागी होते?

निवडून न आलेले लोक लोकप्रतिनिधींना शिकवणार, हा दुसरा आक्षेप. परिषदेची माणसे फक्त आकडे देतात. मत लोकप्रतिनिधीच देतात.

परिषद मात्र नावापुरती नको. हंगेरीत २०१०च्या अखेरीस परिषदेचे नाव राहिले, कर्मचारी गेले. उलट अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयात १९७५पासून नेमणुका पक्ष न पाहता, केवळ पात्रतेवर होतात. तिथे आज अडीचशेहून अधिक माणसे आहेत. आपल्याकडे चौदाव्या वित्त आयोगाने आणि २०१७च्या राजकोषीय उत्तरदायित्व आढावा समितीने अशा स्वतंत्र यंत्रणेची शिफारस केलेली आहे. तिला अनेक वर्षांचा निधी कायद्यानेच बांधून द्यावा, माणसे अर्थ खात्यातून उसनी न घेता स्वतःची नेमू द्यावीत, आणि खात्यांची कागदपत्रे मागण्याचा हक्क द्यावा.