चवदार तळेही ‘खाजगी’ होते म्हणे!

चवदार तळ्याची गोष्ट आपण 20 मार्च 1927 ला, ओंजळीपाशी थांबवतो. त्यानंतरचा भाग आपल्या भाषणांत फारसा येत नाही. त्याच वर्षी 12 डिसेंबरला महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. बोले ठराव झालेला होता, नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, तेव्हा नुसत्या विटाळाच्या भाषेवर कोर्टात भागणार नव्हते. म्हणून दाव्यात म्हटले, तळे सार्वजनिक नाहीच, आमच्या मालकीचे आहे! डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपाला सवर्णांपैकी कोणी जागा देईना. फत्तेखान यांनी दिली म्हणून परिषद भरली. अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून आला तो 17 मार्च 1937 ला.

हे आज सांगतोय, कारण ‘खाजगी’ हा शब्द आता विकासाचे कपडे घालून आपल्या गावात आलाय. बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठलेही शहर घ्या. बसस्थानक, आठवडी बाजाराची जागा, नगरपालिकेचा मोकळा भूखंड या सगळ्या मोक्याच्या जागा, आणि बिल्डरची नजर नेमकी तिथेच असते. एसटीच्या जमिनी खाजगी विकासकांना भाडेपट्ट्याने देण्याची मुदत मंत्रिमंडळाने 2025 मध्ये 60 वर्षांवरून 98 वर्षांवर नेली. 98 वर्षे म्हणजे महाडच्या सत्याग्रहापासून आजपर्यंतचा जवळजवळ सगळा काळ. एवढ्या मुदतीनंतर जमीन परत मिळते म्हणणे ही थट्टा आहे.

नवे बसस्थानक नको असे आम्ही म्हणत नाही. गळक्या छताखाली उभे राहण्यात कसला आलाय अभिमान! पण वर कॉम्प्लेक्स झाल्यावर खाली कोण बसू शकेल, हे कोणी विचारत नाही. खेड्यावरून दवाखान्यात आलेली म्हातारी, शेवटच्या गाडीची वाट पाहणारा मजूर, टोपली घेऊन बसलेली बाई, अभ्यासिकेची फी परवडत नाही म्हणून बाकावर पुस्तक उघडणारा पोरगा, यांना काही विकत न घेता थांबता येते अशी शहरात दुसरी जागा नाही. जात न सांगता चारचौघांत बसायला आपल्या आजोबांना पहिल्यांदा मिळाले ते अशाच ठिकाणी. गावात आपली वस्ती वेशीबाहेर होती, चावडीवर आपल्याला जागा नव्हती. कॉम्प्लेक्सच्या दारावर जातीची पाटी लागत नाही हे खरे. वॉचमन मात्र कपडे बघतो.

आणि हे फक्त ‘ते’ करतात असे समजू नका. दादरचे आंबेडकर भवन आठवा. 25 जून 2016 च्या पहाटे, लोक झोपेत असताना, बाबासाहेबांच्या बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेससकट ते पाडले गेले. पाडणारा कोणी परका बिल्डर नव्हता, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नावानेच ते झाले. इमारत धोकादायक आहे, इथे 17 मजली भवन होईल, असे सांगितले गेले. 19 जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, पण प्रेस तर गेलीच होती. आपल्यातला शिकलेला, नोकरीतला वर्ग त्या वेळी दोन तट पडून भांडला. कागदपत्रे कोणाची खरी यावर रात्र-रात्र वाद झाले. लोकांना विचारले होते का, हा साधा प्रश्न त्यात बुडाला. मजले मोजणाऱ्याला सभेचे अंगण मोजता येत नाही, मग तो निळा झेंडा लावणारा का असेना.

आपल्या विहारांच्या, समाजमंदिरांच्या जागांबाबतही उद्या हेच होईल. ‘खाली गाळे काढू, भाड्यातून विहार चालेल’ हा प्रस्ताव कमिटीच्या बैठकीत ऐकला नसेल असा कार्यकर्ता विरळा.

मधली काही वर्षे नगरपालिकांवर प्रशासक होते. त्या काळात आपल्या शहरातल्या जागांबाबत काय काय मंजूर झाले, याची माहिती अधिकारात नक्कल मागा. विकास आराखड्याचा नकाशा काढा आणि मैदान, बाजार, बगीचा म्हणून राखलेल्या प्रत्येक भूखंडावर प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. आरक्षण बदलायचे तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली नोटीस काढावी लागते, आणि हरकतीला मुदत एक महिन्याची असते. नोटीस पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आपण 14 एप्रिलच्या शुभेच्छांच्या जाहिराती वाचतो, ती वाचत नाही. या महिन्यापासून तालुक्यातल्या प्रत्येक शाखेत दोघांनी तेवढेच काम घ्यावे.

जय भीम!