दुय्यमांची शाळा आणि नेतृत्वाची संस्था

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाचा, जन्म १८५४ सालचा. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे व पूल यांच्या कामांवर सरकारला दुय्यम अधिकारी हवे होते. ते तयार करण्यासाठी ही शाळा निघाली. योजना साहेबाने आखावी आणि देशी माणसाने ती बिनबोभाट अमलात आणावी, अशी त्या काळची वाटणी होती. त्याच विद्येच्या घरात आज नवनिर्मिती, उद्योजकता आणि नेतृत्व यांना वाहिलेली ‘भाऊ इन्स्टिट्यूट’ उभी आहे. हा पालट स्वागतार्ह आहे. परंतु पाटी बदलल्याने परंपरा बदलते, असे आम्हांस वाटत नाही.

कर्तृत्वाची वाण येथे कधीच नव्हती. याच महाविद्यालयाचे विद्यार्थी विश्वेश्वरय्या यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले. पण त्यांच्या प्रज्ञेला मोकळे रान मिळाले ते मुंबई सरकारची नोकरी सोडून १९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाल्यावर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिक्षक होते. बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली, आणि १९१० साली कुंडलच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. दोघांनाही नेतृत्वाची वाट नोकरीच्या उंबरठ्याबाहेर सापडली. तो उंबरठा ओलांडण्याचे बळ महाविद्यालयातच मिळावे, हाच अशा संस्थेचा खरा हेतू असला पाहिजे.

हे बळ व्याख्यानांनी येत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती खरी अडचण, थोडे भांडवल आणि चुकण्याची मुभा द्यावी लागते. भोसरी-पिंपरीच्या लहान कारखानदाराची एखादी अडचण महिनोन् महिने खपून सोडविणाऱ्या मुलाला त्या श्रमाचे गुण मिळणार नसतील, तर तो शहाणपणाने पाठांतराकडेच वळेल. २०२२ साली राज्याच्या कायद्याने या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आणि परीक्षा आता त्याच्याच हाती आहेत. दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय उरलेली नाही.

मात्र सारा दोष विद्यापीठाच्या माथी मारून आपणां मध्यमवर्गीयांस मोकळे होता येणार नाही. मुलाला पहिल्याच वर्षी मोठ्या पगाराची नोकरी लागली की आपण पेढे वाटतो. तो स्वतःचा कारखाना काढू म्हणाला की घरात सुतक पडते. दुय्यमपणाची ती जुनी शाळा सरकारने केव्हाच बंद केली. आपल्या घरांतून ती अजून भरते आहे. ती आपण बंद केली नाही, तर नेतृत्वाच्या संस्थेतूनही उत्तम पगाराचे दुय्यमच बाहेर पडतील.