आधी सांगा, तुम्ही उभे कुठे आहात?

"मागची माणसं लहान काढ."

शाळेत चित्रकलेच्या तासाला पर्स्पेक्टिव्हबद्दल मला एवढं एकच वाक्य सांगितलं गेलं. तुम्हालाही बहुतेक तेवढंच सांगितलं असेल. माझी तक्रार अशी आहे की हे वाक्य अर्धं आहे, उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते न शिकवल्याची किंमत फक्त चित्रात चुकवावी लागत नाही.

एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी आम्ही स्मरणचित्रं अक्षरशः पाठ केली होती. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं. आम्ही गाइडमधलं आठवून काढत होतो. पाठमोरी बाई, छत्रीवाला म्हातारा, डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल. विषय बाजार असो की रेल्वे स्टेशन, ही तिघं हजर. मी मागची माणसं लहान काढली, पण त्यांचे पाय पुढच्यांच्याच ओळीत ठेवले. त्यामुळे ती लांब गेली नाहीत, बुटकी झाली. कोणी चूक दाखवली नाही. ग्रेड मिळाली, विषय संपला.

उरलेलं अर्धं वाक्य शेलू स्टेशनवर फुकट शिकता येतं. संध्याकाळी कर्जत लोकल येते, गर्दी उतरते. फलाटावर उभं राहून समोर सरळ बघा. तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येकाचं डोकं, तो 10 फुटांवर असो की 200, साधारण एकाच आडव्या रेषेवर दिसेल. माणूस लांब जातो तसे त्याचे पाय वर सरकतात, डोकं रेषेवरच राहतं. आता बाकावर बसा. तीच रेषा उभ्या माणसांच्या छातीवर येते. पुलावर चढा, सगळी डोकी रेषेच्या खाली जातात. माणसं तीच, फलाट तोच. बदलली ती तुमच्या डोळ्याची उंची. त्या रेषेला क्षितिजरेषा म्हणतात. रूळ, फलाटाची कड, छपराची कड, सगळे लांब जाताना त्याच रेषेवरच्या एका बिंदूकडे धावतात. तो व्हॅनिशिंग पॉइंट.

म्हणजे काय लहान आणि काय मोठं, हा नंतरचा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा: तुम्ही उभे कुठे आहात, आणि तुमचा डोळा किती उंचीवर आहे? त्याचं उत्तर ठरल्याशिवाय कागदावर एकही माणूस नीट उभा राहत नाही.

आमच्या भागात तर हे जास्तच नीट शिकवायला हवं. 'आकाश जमिनीला टेकतं ते क्षितिज' ही व्याख्या समुद्राकाठी चालेल. शेलूत पश्चिमेला माथेरानची डोंगररांग आडवी आहे. इथलं पोर डोंगराच्या माथ्यालाच क्षितिज समजतं, घराच्या रेषा तिकडे वळवतं, आणि घर घसरगुंडीवर ठेवल्यासारखं दिसतं. खरी क्षितिजरेषा डोंगराच्या आड, आपल्या डोळ्याच्या पातळीवर असते. ती दिसत नाही, समजून घ्यावी लागते.

इंजिनिअरिंगला गेल्यावर सुधारेन असं वाटलं होतं. पहिल्या वर्षी ड्राफ्टर लावून शीटमागून शीट काढल्या. काही जीटी मारून, म्हणजे काचेखाली दिवा लावून मित्राची शीट उतरवून. ऑर्थोग्राफिक काय, आयसोमेट्रिक काय, समांतर रेषा शेवटपर्यंत समांतरच राहतात. यंत्राचा भाग बनवायला तेच बरोबर आहे, माप थेट घेता येतं. पण त्या चित्रांत बघणाऱ्याला जागाच नसते. डिग्री हातात आली तेव्हा मला नट-बोल्टची तिन्ही दृश्यं काढता येत होती, आणि गॅलरीतून दिसणारा रस्ता काढता येत नव्हता.

याची किंमत घरच्यांनी मोजली. आई-बाबांनी इथे फ्लॅट बुक केला तेव्हा ब्रोशर बघून "मस्त आहे" म्हणणारा मीच होतो. चित्रात फाटकापासून इमारतीपर्यंत हिरवळ, मागे खिडकीला टेकलेला डोंगर. ताबा मिळाला तेव्हा हिरवळ निघाली दोन गाड्या लावता येतील एवढी. मग मी ते ब्रोशर काढलं आणि त्यावर पट्टी ठेवली. इमारतीच्या मजल्यांच्या रेषा वाढवल्या, त्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर मिळाल्या. हिरवळीच्या कडा वाढवल्या, त्या पाचव्या मजल्याच्या उंचीवर मिळाल्या. एका चित्रात दोन क्षितिजं, म्हणजे दोन वेगळ्या जागी उभे असलेले दोन डोळे. फाटकाशी उभा केलेला वॉचमन फाटकाच्या एक पंचमांश होता. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर फाटक 27 फुटांच्या वर जातं. खरं फाटक दोन माणसांएवढंही नाही. माणसं लहान केली की आवार आपोआप मोठं होतं. मागची माणसं लहान काढ, हे त्यांनाही कोणीतरी शिकवलं होतं. त्यांनी पुढचीही लहान काढली.

चित्राखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'कलाकाराची कल्पना'. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क देतं. पण वकिलाकडे जाण्याआधी, आणि मुळात पैसे भरण्याआधी, गडबड नेमकी कुठे आहे त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

यावर हमखास येणारं उत्तर: "हे सगळं पाश्चात्त्य आहे. वारलीत कुठे असतं पर्स्पेक्टिव्ह?" अर्धं बरोबर आहे. आल्बेर्ती या इटालियन लेखकाने 1435 मध्ये या पद्धतीचे नियम लिहिले, आणि आपल्याकडे ती इंग्रजी कलाशिक्षणातून रुजली, मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं. वारली चित्रात शेत वरून दिसतं आणि माणसं बाजूने. त्यात चूक काहीच नाही, कारण 'इथे उभे राहा, असंच दिसेल' असा दावा ते चित्र करत नाही. ब्रोशर करतं. मराठी पुस्तकांत पर्स्पेक्टिव्हला यथार्थदर्शन म्हणतात, म्हणजे नावातच वचन आहे. ते पाळलंय का हे तपासायचं तर नियम माहीत हवेत. आमच्या वाड्यांवरच्या ठाकर-कातकरी पोरांना "तुम्ही आपलं पारंपरिकच काढा" असं सांगणारे पाहुणे मी पाहिलेत. पोरांना दोन्ही शिकू द्या. जमिनीचे नकाशे आणि रंगीत ब्रोशरं त्यांच्याही दारात येतात.

दुसरं उत्तर तुमच्या हातातल्या फोनमधून येतं: ॲप ग्रिड देतं, एआय अख्खं चित्र देतं, मग शिकायचं कशाला? ग्रिड रेषा देतं. डोळा किती उंचीवर ठेवायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि पात्र तिथेच घडतं. जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्याने काढलेला बाप आणि माळ्यावरून बघून काढलेला तोच बाप, ही दोन वेगळी माणसं असतात. एआयने केलेल्या चित्रावर एकदा पट्टी ठेवून बघा, किती क्षितिजं सापडतात ते.

माझी मागणी छोटी आहे. स्मरणचित्र सुरू करण्याआधी मुलांना पेन्सिलीने डोळ्याची रेषा आखायला लावा आणि त्या रेषेला गुण द्या. गाइड मिटून वर्ग एकदा स्टेशनवर न्या. नववीच्या मुलांच्या हातात घरांची एखादी जाहिरात आणि पट्टी द्या.

ब्रोशरवरच्या माझ्या रेषा बघून बाबांनी एवढंच विचारलं, "हे आधी कळलं असतं का रे?"

कळलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं, आणि पट्टी घरातच होती.