विमानाचं तिकीट स्वस्त केलं कुणी?

दिवाळीच्या आधीचा आठवडा. तुम्ही पुण्यात शिकताय, घर नागपूरला. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर, तेही तीन आकडी. ट्रॅव्हल्सवाल्यांनी भाव दुप्पट-तिप्पट करून ठेवलेला. मग रूममेट म्हणतो, 'अरे, विमानाचं बघ ना!' तुम्ही बघता. बसपेक्षा थोडंच जास्त! घरी फोन लावता. आई म्हणते, 'थांब, बाबांना विचारते.' बाबांचा होकार येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. पुन्हा अ‍ॅप उघडता, तर तिकीट बाराशेनं वाढलेलं!

चिडचिड होणारच. पण यातली एक गोष्ट नीट बघा. तुमचे आई-बाबा कॉलेजात होते तेव्हा हा फोन झालाच नसता. दिवाळीला घरी जायला विमान? घरातल्यांनी वेड्यात काढलं असतं. वेटिंगवर असाल तर डब्यात दाराजवळ ट्रंकेवर बसून यायचं, विषय संपला. मधल्या तीसेक वर्षांत असं काय झालं, की विमान ही बसला पर्याय म्हणून बघायची गोष्ट झाली?

बहुतेकांचं उत्तर असतं, 'टेक्नॉलॉजी सुधारली, लोकांकडे पैसा आला.' दोन्ही खरं, पण अर्धंच. तिकीट स्वस्त झालं ते कंपन्या एकमेकींशी भांडल्या म्हणून. आणि आज काळजीची गोष्ट ही, की भांडणाऱ्या फारशा उरलेल्या नाहीत.

टपाल, महाराजा आणि हारतुरे

आपल्याकडच्या विमानसेवेची सुरुवात प्रवाशांनी नव्हे, पत्रांनी झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला एक छोटं 'पस मॉथ' विमान आणलं. त्यात होती टपालाची पोती. याच कंपनीची पुढे एअर इंडिया झाली आणि जून १९४८ मध्ये तिचं विमान कैरो, जिनिव्हा करत मुंबईहून लंडनला पोहोचलं.

१९५३ साली सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे, देशातली इंडियन एअरलाइन्सकडे. पुढची चाळीस वर्षं देशात विमानानं जायचं तर व्यवहारात एकच दुकान. त्या दुकानाचा थाट मात्र मोठा होता. पगडीवाला, मिशीवाला महाराजा वाकून तुमचं स्वागत करायचा. १९६२ साली एअर इंडियाचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला, तेव्हा जगात त्याचं कौतुक झालं.

पण महाराजा ज्यांच्यापुढे वाकत होता ते किती जण होते? मंत्री, मोठे अधिकारी, उद्योगपती, सिनेमावाले आणि कंपनीच्या खर्चानं फिरणारे. बाकीच्यांसाठी विमानतळ म्हणजे कुणाला तरी पोहोचवायला जायची जागा. घरातला एक जण दुबईला किंवा अमेरिकेला निघाला, की जीप भरून माणसं जायची. हार, नारळ, रडारड आणि शेवटी काचेपलीकडून हात हलवणं. जुन्या अल्बममध्ये असा एखादा फोटो तुमच्याही घरी सापडेल.

एकच दुकान असलं की काय होतं? भाव दुकानदार ठरवतो, वेळही तोच ठरवतो. गिऱ्हाईक फक्त रांगेत उभं राहतं.

एक रुपयाचं तिकीट

नव्वदीच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांना दार उघडलं. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट अशी नावं आली. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदाच रद्द झाला. पण या नव्या मंडळींनी भांडण केलं ते सेवेवरून. जेवण चांगलं, हवाई सुंदरी हसतमुख, विमान वेळेवर. प्रवासी मात्र तेच जुने, खिसा जड असलेले. दशक संपायच्या आत यातल्या बऱ्याच कंपन्या बंदही पडल्या.

खरा धक्का दिला तो २००३ साली एअर डेक्कननं. लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन गोपीनाथ यांची ही कंपनी. 'सूराराई पोट्रू' किंवा अक्षय कुमारचा 'सरफिरा' बघितला असेल, तर त्यामागची प्रेरणा हीच. गोपीनाथ यांचा सवाल साधा होता. विमान कंपन्या आपसात विमानाच्या प्रवाशांसाठी का भांडताहेत? रेल्वेच्या डब्यात बसलेल्या माणसाला विमानात का आणत नाहीत? एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात झाली आणि लोक सायबर कॅफेत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. सगळ्यांना ते तिकीट मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. पण 'आपणही जाऊ शकतो' हा विचार डोक्यात शिरला. एकदा शिरलेला विचार परत जात नाही.

२००५-०६ मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, इंडिगो अशी रांगच लागली. जून २००८ पासून जगभर कागदी तिकीट इतिहासजमा झालं. परिणाम आकड्यांत बघा. नव्वदीच्या सुरुवातीला देशांतर्गत प्रवाशांचा वर्षाचा आकडा एक कोटीच्या आतबाहेर होता. २०२४ मध्ये तो १६ कोटींच्या वर गेला.

हा आकडा ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. ही १६ कोटी माणसं नव्हेत, १६ कोटी प्रवास आहेत. दर आठवड्याला मुंबई-दिल्ली करणारा एकच साहेब यात शंभर वेळा मोजला जातो. आणि मुंबईची लोकल रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहते. म्हणजे अख्ख्या देशाची वर्षाची विमानं आपली लोकल साधारण तीन आठवड्यांत भरून काढते! विमान सगळ्यांचं झालं असं आपण म्हणतो खरं, पण अजून बराच पल्ला बाकी आहे.

स्वस्ताईमागचं गणित

विमान स्वस्त चालवायचं कसं? उत्तर एसटीच्या डेपोत उभं राहिलात तरी कळेल. गाडी उभी राहिली की तोटा, धावली की कमाई. म्हणून शक्यतो एकाच जातीची विमानं घ्यायची, म्हणजे पायलटचं प्रशिक्षण आणि सुटे भाग यांचा खर्च कमी. आतल्या सीट जास्तीत जास्त. विमान उतरलं की अर्ध्या तासात साफसफाई करून पुन्हा हवेत. जेवण हवं? पैसे द्या. खिडकी हवी? पैसे द्या. सामान पंधरा किलोच्या वर? पैसे द्या. आधी जे सगळं तिकिटात होतं, ते सुटं करून विकायला काढलं.

आता तुमचं बाराशे रुपयांचं दुखणं. विमानात १८० च्या आसपास सीट असतात, पण त्यांची किंमत एक नसते. कंपनी त्यांचे गट पाडते. सर्वांत स्वस्त गटात थोड्याच सीट. त्या संपल्या की पुढचा गट, मग त्यापुढचा. जोडीला मागणी किती, दिवस किती उरले, दुसऱ्या कंपनीचा भाव काय, हे सॉफ्टवेअर सतत बघत असतं. बाबा विचार करत होते तेवढ्यात स्वस्त गटातल्या सीट दुसऱ्या कुणीतरी घेतल्या, इतकंच.

यातलं 'दुसऱ्या कंपनीचा भाव काय' हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा लेख तिथेच आहे. त्या मार्गावर दुसरी कंपनीच नसेल, तर सॉफ्टवेअरनं घाबरायचं कुणाला?

एकेक विकेट पडत गेली

भारतात विमान कंपनी चालवणं म्हणजे आवक रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये. इंधन हा सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आणि ते अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. त्यात भाव वाढवला तर गिऱ्हाईक पळतं, नाही वाढवला तर कंपनी बुडते.

आणि बुडाल्याच. एअर डेक्कन किंगफिशरनं घेतली, २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. एप्रिल २०१९ मध्ये जेट थांबली, आणि उन्हाळी सुट्टीत तिकिटं महागली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट गेली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. आज देशात विमानानं जाणाऱ्या दर १०० प्रवाशांपैकी साठाहून जास्त इंडिगोतून जातात, पंचवीसच्या वर एअर इंडिया समूहातून. उरलेल्या थोड्यांत बाकी सगळे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हणायला हवी. इंडिगो मोठी झाली ती कुणाचं हिसकावून नव्हे. वेळ पाळली, खर्च आवरला, बाकीचे दिमाख दाखवत होते तेव्हा ती हिशेब करत होती. पण कंपनी चांगली की वाईट, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे, ती अडखळली तर काय?

डिसेंबरचे ते दिवस

याचं उत्तर डिसेंबर २०२५ मध्ये मिळालं. पायलटना पुरेशी झोप मिळावी म्हणून नवे नियम आले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. इंडिगोकडे पायलटचं नियोजन पुरं पडलं नाही. ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. कुणाचं लग्न चुकलं, कुणाची मुलाखत.

दुसऱ्या कंपन्यांकडे जावं, तर तिथे एवढ्या सीटच नव्हत्या. भाव आभाळाला भिडले. शेवटी सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंडिगोला विश्रांतीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली.

जरा थांबून विचार करा. नियम पायलटच्या झोपेचा, म्हणजे तुमच्या-आमच्या जिवाचा. तो बाजूला ठेवावा लागला, कारण एक कंपनी थांबली की देश थांबतो. तिकीट महाग होणं हे दुकानं कमी झाल्याचं एक नुकसान. नियम वाकवावा लागणं हे त्याहून मोठं.

छोट्या गावांचं काय?

'उडान' योजनेची पहिली फेरी एप्रिल २०१७ मध्ये सुटली, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीट अडीच हजारांच्या आसपास, असं ठरलं. पुढे ती सेवा देणारी कंपनीच बंद पडली आणि दुसरी येईपर्यंत नांदेडकरांना वाट बघावी लागली. 'कॅग'च्या २०२३ च्या अहवालानुसार तपासलेल्या मार्गांपैकी निम्म्याच्या आसपास मार्ग सुरूच होऊ शकले नव्हते. फीत कापणं सोपं असतं. विमान रोज येणं अवघड.

मग करायचं काय?

सरकारनं कायम भाव बांधून द्यावेत, असं वाटणं साहजिक आहे. पण भाव बांधले की तोट्याच्या मार्गावर विमानच येत नाही, आणि फटका आधी नांदेड-जळगावला बसतो. खरा उपाय म्हणजे नव्या कंपनीला शिरायला जागा ठेवणं. गर्दीच्या विमानतळावर उतरायच्या वेळा, म्हणजे स्लॉट, कुणाला मिळतात यावर बरंच अवलंबून असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथल्या झगमगाटाचे रील्स तुम्ही बघितले असतील. तिथले स्लॉट किती कंपन्यांत वाटले जातात, हेही बघा.

आणि स्वतःपुरतं एवढं करा. तिकीट काढताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, एजंटचा नको. कंपनीनं वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली आणि कारण तिच्या हातातलं असेल, तर पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट मिळतेच, वर प्रवासाच्या वेळेनुसार ५ ते १० हजारांपर्यंत भरपाईचा नियम आहे. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरी फ्लाइट की पूर्ण पैसे, ही निवड तुमची. काउंटरवर कुणी आपणहून हे सांगणार नाही. विचारावं लागतं.

पुढच्या दिवाळीला पुणे-नागपूर शोधाल, तेव्हा भाव बघण्याआधी एक गोष्ट मोजा. स्क्रीनवर फ्लाइट किती दिसतात ते नव्हे, कंपन्या किती दिसतात ते. तीन-चार दिसल्या, तर बाबांचा होकार येईपर्यंत थांबायला हरकत नाही. एकच दिसली, तर महाराजाचा काळ परत आलाय असं समजा. फरक इतकाच, की या वेळी वाकून नमस्कार तुम्हाला करायचाय.