दादीच्या हातात नातवाचे दप्तर

चीनला जाऊन आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण आम्हाला आधी एकच प्रश्न विचारतो, "तिथे खाल्ले काय?" उत्तर सोपे आहे. हलालसाठी चिनी भाषेत 'छिंगझेन' असा शब्द आहे. दुकानाच्या पाटीवर तो दिसला, आणि पुष्कळ ठिकाणी शेजारी अरबीत 'हलाल' असेही लिहिलेले असते, की निश्चिंत मनाने आत शिरावे. शिआन शहरात तर जुन्या तटबंदीच्या आत हुई मुसलमानांचा अख्खा मोहल्ला आहे. तिथल्या प्रसिद्ध पदार्थासाठी गिऱ्हाइकासमोर आधी रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोटी ठेवतात. ती रोटी आपणच बोटांनी तोडून हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या गरम रश्श्यासह परत येतो. या तोडण्यात अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात टेबलाभोवती गप्पा रंगतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. चिनी माणूस गरम पाणी पितो. रेल्वे स्टेशनवर, गाडीच्या डब्यात उकळत्या पाण्याचे नळ असतात आणि म्हाताऱ्यांच्या हातात थर्मास. पैशाचे म्हणाल, तर भाजीवालीसुद्धा फोनवरच घेते. आपल्याकडेही आता तसेच आहे, त्यामुळे त्याचे आम्हाला फारसे नवल वाटले नाही.

नवल वाटले ते भाषेचे. शिआनच्या मोठ्या मशिदीची आजची बांधणी मुख्यतः मिंग राजवटीतील, १३९२ सालापासूनची. घुमट नाही, लाकडी खांब आणि कौलारू छपरे आहेत आणि मिनार म्हणजे मजल्यांचा चिनी मनोरा. पण तिथली माणसे नमाजला 'नाइमाझ' म्हणतात, मित्राला 'दोस्ती', अल्लाहला 'हुदा' आणि इमामाला 'आहोंग', म्हणजे फारसीतला आखुंद. उर्दू शिकवणाऱ्याच्या कानाला हे शब्द घरचे वाटतात. हेनान प्रांतात तर स्त्रियांच्या स्वतंत्र मशिदी आहेत आणि तिथे शिकवणाऱ्या स्त्रियांनाही आहोंगच म्हणतात.

पण शिक्षकाचे पाय शेवटी शाळेकडेच वळतात. या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते शाळेच्या फाटकाबद्दल.

प्राथमिक शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर गर्दी असते. त्या गर्दीत आई-बाप थोडे, आजी-आजोबाच जास्त. मुले रांगेने बाहेर येतात, गळ्यात लाल रुमाल. आजी आधी दप्तर काढून स्वतःच्या खांद्यावर घेते, मग पिशवीतून सोललेले फळ काढून हातात देते. मराठीत आपण दोघींनाही आजी म्हणतो. उर्दूत दादी वेगळी, नानी वेगळी. चिनीतही तसेच आहे. बापाची आई 'नाइनाइ'. आईच्या आईला पुष्कळ भागांत 'वाइपो' म्हणतात, आणि त्यातल्या 'वाइ'चा अर्थ 'बाहेरची'. एका शब्दात त्या समाजाने सुनेचे माहेर कुठे ठेवले ते कळते. गंमत अशी की फाटकाबाहेर नातवासाठी उभ्या असलेल्यांत या 'बाहेरच्या' आज्याही काही कमी नव्हत्या.

हे चित्र कसे बनले? एक कारण नोकरीच्या नियमांत आहे. कारखान्यातील स्त्री पन्नासाव्या वर्षी, वरच्या पदावरील स्त्री पंचावन्नाव्या वर्षी आणि पुरुष साठाव्या वर्षी निवृत्त होत असे. म्हणजे मुलीला बाळ व्हायच्या सुमारास आई घरी मोकळी होई. सून-मुलगी दोघीही नोकरीवर जात आणि बाळ आजीच्या कुशीत वाढे. जानेवारी २०२५ पासून ही वये हळूहळू वाढवली जात आहेत. पंधरा वर्षांत ती स्त्रियांसाठी ५५ आणि ५८, पुरुषांसाठी ६३ होतील. फाटकाबाहेर उद्या कोण उभे राहणार, हा प्रश्न तिथल्या तरुण जोडप्यांसमोर आहे. एक मूल धोरण १९८० च्या सुमारास आले आणि २०१५ च्या अखेरपर्यंत चालले. त्यामुळे एकुलता मुलगा आणि एकुलती मुलगी यांच्या डोक्यावर चार म्हातारे आणि हातात एक लेकरू, असा हिशेब होऊन बसला आहे. आता तीन मुलांची परवानगी आहे, पण २०२२ पासून लोकसंख्या घटतेच आहे.

दुसरे कारण आम्हाला आमच्या दुभाष्या मुलीकडून कळले. ती गान्सू प्रांतातल्या एका खेड्यातली हुई मुलगी, शिआनला शिकणारी. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यापासून ती आम्हाला 'लाओशी' म्हणू लागली. लाओशी म्हणजे गुरुजी, बाई. नावापेक्षा या शब्दाने हाक मारणे तिथे आदराचे मानतात.

तिचे आई-वडील दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात हाताने ओढलेल्या शेवयांचे छोटे हॉटेल चालवतात. चीनच्या बहुतेक शहरांत अशी दुकाने दिसतात आणि त्यांतली पुष्कळशी गान्सू आणि छिंगहाई प्रांतांतल्या मुसलमान कुटुंबांची असतात. ती दोन वर्षांची असताना तिला नाइनाइकडे ठेवून ते गेले. नाइनाइला चिनी अक्षरे येत नव्हती. पण ती अनपढ होती असे म्हणता येणार नाही. अरबी लिपीत चिनी बोली लिहिण्याची हुई लोकांची एक जुनी रीत आहे, तिला 'श्याओअरजिंग' म्हणतात. त्या लिपीत ती घरचा हिशेब लिहायची. मुलगी शाळेत गेली, अक्षरे शिकू लागली, तेव्हा आजी तिच्या शेजारी बसून नुसती बघायची. तिथे प्राथमिक शाळा संपेपर्यंत सुमारे ३,००० अक्षरे ओळखता यावी लागतात. "चुकले की बरोबर ते तिला कळायचे नाही," ती म्हणाली, "पण मी उठेपर्यंत तीही उठायची नाही."

आई-वडिलांनी तिला शहरात का नेले नाही? नेले होते. नऊ वर्षांची असताना नेले, तीन-चार वर्षे शाळाही झाली. मग परत पाठवावे लागले. इथे 'हुकोऊ' समजून घ्यावा लागतो. १९५८ पासून चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची नोंद एका गावाला किंवा शहराला बांधलेली आहे. माणूस पोटासाठी कुठेही जाऊ शकतो, पण शाळा, दवाखाना, पेन्शन यांतल्या पुष्कळ सवलती नोंदीच्या गावीच मिळतात. सुमारे ३० कोटी माणसे गावची नोंद ठेवून बाहेर मजुरी-नोकरी करतात. त्यांच्या मुलांना नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणासाठी शहरात दाखल करून घेतात खरे, पण त्यासाठी राहण्याचा दाखला, कामाचा करार, विम्याचे कागद असे सगळे जमवावे लागते. शेवटी गाडी अडते ती 'गाओकाओ'पाशी, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेपाशी. ही परीक्षा सामान्यतः नोंदीच्या प्रांतातच द्यावी लागते. अपवाद आहेत, पण बीजिंग-शांघायसारख्या शहरांत त्यांच्या अटी फार कडक आहेत.

आपल्याकडे बारावीला घर कसे हळू आवाजात बोलते ते आपण जाणतो. तिथे सारे शहर तसे करते. दर जूनच्या ७ तारखेपासून परीक्षा असते, तेव्हा केंद्राजवळ हॉर्न वाजवू देत नाहीत. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नाव नोंदवले होते. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर क्लासेसवर बंदी घातली. मुलांचे ओझे आणि पालकांचा खर्च कमी व्हावा, हा हेतू. पण पुढे परीक्षा तीच असेल तर पालकांची धास्ती कुठे जाते? ज्याच्याकडे पैसा, तो घरी शिक्षक बोलावतो.

गावी मागे राहिलेल्या मुलांसाठी चिनीत 'लिउशोउ' असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ, मागे राहून राखण करणारे. २०१० च्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजानुसार आई किंवा बाप किंवा दोघेही बाहेरगावी असलेली खेड्यांतली अशी मुले ६ कोटींवर होती. म्हाताऱ्यांसाठीही तिथे कायद्याला पुढे यावे लागले. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार वेगळे राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटले पाहिजे, त्यांची विचारपूस केली पाहिजे. ज्या समाजाने माँ-बापाच्या सेवेला शेकडो वर्षे सर्वात मोठे कर्तव्य मानले, तिथे ही पाळी आली. मुले निर्दयी झाली म्हणून नव्हे. काम एकीकडे, नोंद दुसरीकडे, अशी कुटुंबाची वाटणी झाली म्हणून.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. या मुलीच्या घराची ताटातूट पोटासाठी झाली. शिंजियांगमधल्या उइगूर कुटुंबांची कहाणी वेगळी आहे. तिथल्या मोठ्या प्रमाणावरील डांबून ठेवण्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवाल दिला आणि हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असे म्हटले. तिथली मुले सरकारी निवासी शाळांत आई-वडिलांपासून आणि मायबोलीपासून तुटत आहेत, अशी चिंता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये व्यक्त केली. चिनी सरकार हे सारे नाकारते. हुई वस्त्यांतही गेल्या काही वर्षांत अनेक मशिदींचे घुमट उतरवले गेले आहेत. शिआनच्या मोहल्ल्यातली रौनक पाहून सारा चीन असाच आहे असे कुणी समजू नये. आणि फक्त बातम्या वाचून तिथल्या प्रत्येक घराला दुःखी समजणेही बरोबर नाही.

आम्ही चीनमधून एक गोष्ट शिकून आलो. कोकणात आमच्या वर्गांत बसणाऱ्या कितीतरी मुलांचे वडील कुवेत-सौदीला असतात. मराठवाड्यात ऊसतोडीला गेलेल्यांची मुले हंगामभर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. तेव्हा प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' या ओळीत दादीचा अंगठा उमटतो, आणि आम्ही शिक्षक तो बघून पुढच्या मुलाकडे वळतो. पालकसभेला ती म्हातारी आली तर मागच्या बाकावर गप्प बसून राहते, कारण तिला कुणी काही विचारत नाही. खरे तर त्या मुलाविषयी सर्वात जास्त तिलाच ठाऊक असते. तिला पुढच्या बाकावर बसवून दोन प्रश्न विचारायला शाळेला एक पैसाही लागत नाही.

घरच्यांसाठीही एक सांगणे आहे. आम्ही त्या मुलीला विचारले, "आई-वडील फोन करायचे तेव्हा काय बोलायचे?" ती म्हणाली, "बाबा विचारायचे, वर्गात कितवा नंबर आला? आई विचारायची, जेवलीस का?" चिनी लोक एकमेकांना भेटल्यावरही पूर्वापार हेच विचारत आले आहेत. फोनमध्ये मागे कणीक ओट्यावर आपटल्याचा आवाज येई. त्यावरून आई अजून उभीच आहे, कामातच आहे, हे तिला समजे. "बाबांना उत्तर देऊन मी फोन आईला द्यायला सांगायची. तिच्याशी मी तासभर बोलू शकले असते, पण गिऱ्हाईक यायचे."

आता तिला दक्षिणेतल्या शहरात नोकरी नको आहे. शिआनमध्येच हवी आहे, कारण तिथून लान्झोऊ जलद गाडीने तीन तासांवर आहे आणि पुढे बसने नाइनाइचे गाव. नाइनाइचे गुडघे दुखतात. अल्लाह तिची इच्छा पुरी करो.

आपल्या घरातले कुणी परदेशात असेल, तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. आणि रविवारच्या फोनवर त्यांनी मार्क मागाहून विचारावेत, एवढीच विनंती.