सन्मान कुणाचा, घाम कुणाचा?

शेतकऱ्याला अनुदान द्यावे की नाही, यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरतात. पण शेतकरी म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही. मराठवाड्यातील एकल स्त्रियांच्या गटांबरोबर काम करताना हा प्रश्न मला पदोपदी भेटतो.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहिवाटदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के. खुरपणी, वेचणी, काढणी मात्र मुख्यतः तिच्याच हातची. २०१९ मध्ये केंद्राची किसान सन्मान योजना आली : जमीनधारक कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये. २०२३ मध्ये राज्याने आणखी ६००० जाहीर केले. आधार एकच, जमिनीच्या उताऱ्यावरचे नाव. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुले. पैसे मात्र नाव असेल त्याच्या खात्यात. बटईने दोन एकर कसणारी परित्यक्ता यात कुठे बसते? कसते ती, सन्मान मालकाचा.

इतर अनुदानांची गतही तीच. खताचे अनुदान पोत्यामागे. ज्याची खरेदी मोठी, त्याचा लाभ मोठा. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. ज्याला विहीर आहे, त्याला ती मिळणार. कोरडवाहू तुकडेवालीला काय? पाणीवाला ऊस वाढवतो आणि ती तुकडा ठोक्याने देऊन त्याच उसाच्या तोडीला जाते. अनुदानाने दरी बुजत नाही, रुंदावते.

म्हणून अनुदानच नको, असे मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेतीला आधार हवाच; तो कसणाऱ्या हातापर्यंत पोचला पाहिजे. 'बायकांच्या नावे जमीन करा' हे उत्तरही अपुरे आहे. १९९४ मध्ये राज्याने आणि २००५ मध्ये केंद्राने वारसा कायदा दुरुस्त केला. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतातच. शिवाय भूमिहीन घरात वाटा मागायचा कशात?

डॉ. स्वामिनाथन यांच्या २०११ च्या खाजगी विधेयकात मालकी नसलेल्या स्त्रीलाही शेतकरी असल्याचा दाखला देण्याची तरतूद होती. ते बारगळले. मैत्रिणींनो, ती मागणी आपण पुन्हा उचलली पाहिजे. कसणारणीची नोंद ग्रामसभेत व्हावी, त्या नोंदीवर अनुदान, पीककर्ज, नुकसानभरपाई मिळावी. महिलांची ग्रामसभा कागदावर तरी आहेच. येत्या सभेत गावातल्या कसणाऱ्या बायकांची यादी आपणच वाचून दाखवू. ती इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठायचे नाही.