जून न पाहिलेला प्रोजेक्ट

हॉस्टेलमध्ये प्रोजेक्टचा सीझन कसा ओळखायचा हे सांगायला नकोच. मार्च संपत आला की झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते, स्पायरल बाइंडिंगचा भाव वाढतो आणि मेसमध्ये एकच प्रश्न... "तुमचं रन होतंय का?" मग एक्स्टर्नल येतात, चहा-बिस्किटं होतात, डेमो एकदाच चालायचा असतो तो चालतो (किंवा चालत नाही!) आणि संध्याकाळी सगळं संपतं. काळ्या कव्हरचं पुस्तक कपाटात जातं. सॉफ्टवेअर कुठे जातं, हे कोणी विचारत नाही.

आमचं सॉफ्टवेअर मात्र खरंच कुठेतरी गेलं होतं. चार शाळांमध्ये. म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं, की टीईला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी शहरातली एक छोटी कंपनी धरली. छोटी म्हणजे किती? तर मेडिकल दुकानाच्या वर दोन खोल्या आणि पाच माणसं. एक डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस मिळून ती चालवतात. डॉक्टर दवाखाना सांभाळून संध्याकाळी येतात, कोड ताई लिहितात. त्यांची कामं दोन प्रकारची. लहान दवाखान्यांसाठी केसपेपरचं सॉफ्टवेअर, आणि शाळांसाठी मुलांचं आरोग्य कार्ड. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. पण पथक येऊन गेल्यावर पुढे काय? कुणाला चष्मा मिळाला, कुणाचं वजन वाढलं, कोण दातांच्या डॉक्टरकडे गेलंच नाही, याची स्वतःची नोंद एका शिक्षणसंस्थेला हवी होती. ते काम आमच्या वाट्याला आलं.

आता खरं सांगायचं तर आमच्यात समाजसेवेची ऊर्मी वगैरे काही नव्हती. रेडिमेड प्रोजेक्ट विकत घ्यायचे पैसे चौघांपैकी दोघांकडे नव्हते, आणि कंपनीच्या ऑफिसात एसी होता. असो.

पण तिथे गेल्यावर आमची जी काही उतरली! पहिल्याच महिन्यात आम्ही वजन-उंचीचं पान मोठ्या थाटात दाखवलं. बीएमआय काढायचा, साडेअठराच्या खाली गेला की लाल रंगात 'कमी वजन'. डॉक्टरांनी पाचवीचा वर्ग उघडला तर जवळजवळ अख्खा वर्ग लाल. ते शांतपणे म्हणाले, "हा नियम तुमच्या वयाच्या माणसांसाठी आहे. दहा वर्षांच्या निरोगी मुलाचा बीएमआय साडेसोळाच्या आसपासच असतो." मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे तक्ते आहेत, पाच ते एकोणीस वर्षांसाठी, मुलगा-मुलगी वेगळे, आणि वय महिन्यांत. आम्ही सूत्र नेटवरून उचललं होतं, पण ते कुणासाठी आहे हे वाचलं नव्हतं.

दुसरी गंमत डोळ्यांची. नजर तपासली की ६/६, ६/९ असं लिहितात हे तुम्हाला माहीत असेल. शाळेने ते एक्सेलमध्ये भरून पाठवलं आणि आम्ही बटण दाबून आत घेतलं. एक्सेलने ६/६ चं केलं ६ जून आणि ६/९ चं केलं ६ सप्टेंबर! ज्यांची नजर उत्तम त्या सगळ्यांची नजर '६ जून'. आम्ही हसून हसून बेजार झालो. नंतर कळलं की या एक्सेलपायी २०२० मध्ये शास्त्रज्ञांना काही मानवी जनुकांची नावंच बदलावी लागली होती, कारण 'मार्च१', 'सप्ट१' अशा नावांच्या तारखा होत होत्या. म्हणजे आम्ही अगदीच एकटे नव्हतो.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ती फाइल आमच्यातल्या एकाने सोयीसाठी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नाव, वर्ग, वजन, 'फिट येते का', सगळं. ताईंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तुझी मेडिकल फाइल तुझ्या हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरली तर चालेल तुला?" २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे हे कुठल्या पेपरात आहे?

एप्रिलमध्ये व्हायवा झाला. चांगले मार्क पडले. मे महिन्यात पेपर, मग सगळे आपापल्या गावी.

आणि जून आला.

जूनच्या मध्याला शाळा भरली. पाचवीची मुलं सहावीत गेली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती पाचवीतच! 'पुढच्या वर्गात घ्या' असं बटणच नव्हतं. असणार कसं? आमचं काम ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि एप्रिलमध्ये संपलं. त्या नऊ महिन्यांत एकही मूल पास होऊन वर जात नाही. शाळेच्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा महिना आमच्या प्रोजेक्टने पाहिलाच नव्हता.

शाळेतल्या बाईंनी त्यांच्या परीने मार्ग काढला. सहावीचा नवा वर्ग करून मुलांची नावं पुन्हा भरली. त्यामुळे प्रत्येक मूल दोनदा झालं, आणि डोळे तपासायला पाठवायची खूण जुन्या नावापाशीच राहिली. नव्या सहावीच्या पानावर आमच्या सॉफ्टवेअरने हिरव्या अक्षरात लिहिलं : 'प्रलंबित : ०'.

ताईंनी आम्हाला कळवलं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी शाळेत गेले. बाईंनी आधी चहा दिला, मग टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढली. "अगं, तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय एकही पोर राहिलं नाही. माझ्या वहीत अकरा आहेत. कुणाचं खरं धरू?"

वहीचंच खरं होतं. अकरापैकी नऊ जणांना बाईंनीच पालकांच्या मागे लागून चष्मे मिळवून दिले होते. दोघं राहिले होते. त्यातली एक मुलगी तिसऱ्या बाकावरून उठून फळ्याजवळ येऊन लिहून घेत होती, तिला मी पाहिलं. बाईंनी वही ठेवली नसती तर? सॉफ्टवेअर आल्यावर वही बंद करा, असा सल्ला आम्हीच दिला होता. युजर मॅन्युअलच्या पान तीनवर आहे तो.

दुरुस्ती अर्थात ताईंवर पडली. त्यांच्याकडे बाकी गिऱ्हाइकं आहेत, माणसं पाच. आमचा कोड वाचायला त्यांना दोन रात्री लागल्या, कारण त्यात एकही कमेंट नव्हती, व्हेरिएबलची नावं टेम्प१, टेम्प२, आणि एका फंक्शनला आमच्या मेसवाल्या काकांचं नाव.

म्हणून यंदा बीईला आम्ही ठरवलं की हेच काम पुढे न्यायचं. अर्ज दिला. विभागातून उत्तर आलं, "हे तर झालंय ना? यात नवीन काय?" आम्ही म्हटलं, नवीन काही नाही सर, जुनं नीट करायचंय. तर तसा प्रोजेक्ट बसत नाही म्हणे. विषय दर वर्षी नवा हवा. शेवटी शीर्षकात 'मशीन लर्निंग' हे दोन शब्द घातले आणि पाच मिनिटांत मंजुरी! मला याचा अभिमान नाही. पण हे असंच झालं.

आता नियम करणाऱ्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. सीनियरची सीडी घ्यायची, पहिलं पान बदलायचं आणि तोच प्रोजेक्ट पुन्हा द्यायचा, हे उद्योग आपल्याच भावंडांनी वर्षानुवर्षं केले, म्हणून तर नियम आला. पण ती सीडीची गोष्ट होती. आज गिट आहे. कुठली ओळ कुणी, कुठल्या तारखेला लिहिली ते एक्स्टर्नलना दोन मिनिटांत दिसतं. चोरी पकडायची सोय झाली, तरी नियम तोच. दर वर्षी नवा विषय म्हटलं की दर वर्षी नवं अर्धवट सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात मेंटेनन्सचे प्रकार विचारतात. करेक्टिव्ह, अडॅप्टिव्ह, परफेक्टिव्ह, प्रिव्हेंटिव्ह. चारही आपल्याला पाठ. केलेला एकही नाही!

आणि जगात चांगली कामं अशीच उभी राहिली आहेत. डीएचआयएस घ्या. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर दवाखान्यांची आकडेवारी गोळा करायला ते सुरू झालं, ऑस्लो विद्यापीठाने पुढे नेलं, आणि त्याची दुसरी आवृत्ती सुरुवातीला वापरात आली ती आपल्या केरळमध्ये, २००६ साली. आज सत्तरहून अधिक देशांत ते चालतं. ऑस्लोच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी बॅचेस त्या एकाच कामावर राबल्या. तिथे कुणी त्यांना "यात नवीन काय" म्हटलं असतं तर?

माझा रूममेटशी यावर वाद झाला. तिचं म्हणणं, आरोग्याच्या सॉफ्टवेअरला विद्यार्थ्यांनी हातच लावू नये. अर्धं मला पटतं. कुठल्या आकड्याच्या खाली लाल करायचं, हे डॉक्टरांनी ठरवावं आणि त्याखाली सही करावी. पण नोंद करणं, यादी काढणं, वर्ग बदलणं हे आपण करू शकतो, फक्त सोडून पळायचं नाही. मेमध्ये जाणाऱ्यांनी जानेवारीतच टीईच्या दोघांना सोबत घ्यावं, कोड त्यांच्या हातात द्यावा आणि त्यांनी काढलेल्या चुका स्वतः दुरुस्त कराव्यात. त्याला मार्क ठेवा, बघा कशी सगळी कमेंट लिहायला लागतात. आणि व्हायवाला वापरणाऱ्या माणसाला बोलवा. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते ते आठवतंय? फोन निकृष्ट, आणि त्यावरचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. एखादी सेविका आधीच समोर बसवली असती तर भाषेचं तरी पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. एक्स्टर्नलनी आम्हाला नॉर्मलायझेशन विचारलं. बाईंनी पहिला प्रश्न जूनचाच विचारला असता.

कंपन्यांनाही एक सांगायचंय. आमची कंपनी चांगली, शिकवणारी; पण नऊ महिने काम करून हातात पडलं ते एसटीचं भाडं. ताईंना परवडत नाही हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तक्रार नाही. मात्र फुकटात काम घ्यायचं आणि मार्चमध्ये "अजून एवढं एक पान करून द्या" म्हणायचं, हे थांबायला हवं. ते शेवटचं पान कधीच तपासून होत नाही. आमच्या बाबतीत ते होतं 'प्रलंबित'चं पान.

सध्याची स्थिती : वर्ग बदलायचं बटण झालंय. दोनदा झालेली नावं एक करायचं काम अर्धं बाकी आहे, कारण 'लक्ष्मी' आणि 'लक्श्मी' एकच की दोन, हे शेवटी बाईंनाच विचारावं लागतं. बाईंची वही चालू आहे, आणि पान तीन आम्ही मॅन्युअलमधून काढून टाकलंय.

पुढच्या जूनला आम्ही चौघं इथे नसू. टीईतले दोघं हवेत, कुठल्याही ब्रँचचे चालतील. संध्याकाळी सहानंतर कॅन्टीनमागच्या लॅबमध्ये आम्ही असतो. अट एकच, पहिल्या शनिवारी आमच्याबरोबर शाळेत यायचं. एसटी सकाळी पावणेसातची आहे.